वाचाळचे चाळीस कान

पुणे, ८ जानेवारी २०२४

प्रिय हेमाक्का,

हे पत्र तुला वाचाळच वाचून दाखवत असणार, तेव्हा त्याची बातमी त्याच्याच तोंडून ऐक. त्याचं बिऱ्हाड हलवतोय.

आठ वर्षांपूर्वी तू फोनवर म्हणाली होतीस, "तम्मा, ही कॉम्प्युटरमधली बाई मराठी वाचते की मराठीवर सूड उगवते?" त्या एका वाक्यावर मी कामाला लागलो. पडद्यावरची मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, हा आपला वाचाळ. फुकट, आणि आतला कोड कुणालाही बघता येईल, बदलता येईल असा. तू बँकेच्या टेलिफोनवर बसून दिवसाला पंधरा चुका काढायचीस. 'ता. मंगळवेढा' हे तो 'तारीख मंगळवेढा' असं वाचायचा, आठवतं? मग तुझ्यासारखे आणखी जमले. मंगळवेढ्याचा मोबाईल-दुकानवाला ज्ञानू, माळशिरसच्या शिक्षिका वैजयंतीबाई, वेळापूरचे तात्याबा, असे करत चाळीस जण. त्यातल्या अडतीस जणांना डोळ्यांनी दिसत नाही, पण कान असे की माझी एक मात्रा सुटत नाही.

पण अक्का, चाळीस माणसांची पत्रं माझ्या एकट्याच्या इनबॉक्समध्ये मावेनात. डिसेंबरात एकच चूक सात जणांनी कळवली. मी ती तीनदा दुरुस्त केली, तिसऱ्यांदा उलटी. म्हणून आता वाचाळला एका मोठ्या साइटवर नेलंय. जगभरचे प्रोग्रॅमर आपापला कोड तिथं ठेवतात. प्रत्येक तक्रारीला नंबर पडतो. कुणीही बदल सुचवतो, बाकीचे त्याला पसंतीचा अंगठा देतात, मग मी 'मंजूर' दाबतो. कुणी काय काम केलं ते नावानिशी जगाला दिसतं. तुम्हा सगळ्यांची नावं इतकी वर्षं माझ्या इनबॉक्समध्ये पडून होती, आता ती उजेडात येतील.

एक फेब्रुवारीपासून ईमेलचा गट बंद. तू सगळ्यांच्या आधी खातं उघड. पाच मिनिटांचं काम आहे.

दोड्डव्वाला नमस्कार सांग, आणि शेंगाचटणीचा डबा कधीच रिकामा झाला हेही सांग.

तुझा,
महेश्वर

---

सोलापूर, ११ जानेवारी २०२४

तम्मा,

उघडते की खातं. त्यात काय.

इकडची बातमी म्हणजे बँकेनं माझ्या टेलिफोनवर मशीन बसवलं. 'मराठीसाठी एक दाबा.' मला तक्रारींच्या खिडकीत बसवलंय. लोक एक दाबतात, दोन दाबतात, नऊ दाबतात आणि शेवटी वैतागून माझ्या खिडकीशी येऊन म्हणतात, "मॅडम, तुमीच सांगा." त्यामुळे काम तेच राहिलं, फक्त आता पाय मोकळे होतात.

आई, म्हणजे तुझी दोड्डव्वा, विचारते, "ऊट आयता?" जेवलास का म्हणून. पुण्यात गेल्यापासून कन्नड विसरला असशील म्हणून मीच अर्थ सांगितला. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, एवढं तरी आठवतं ना? डबा पाठवते.

एक विचारू? त्या नव्या ठिकाणी चित्रं-बित्रं फार असतात का रे? आणि गट लगेच बंद करू नकोस. दोन-तीन महिने दोन्ही चालू दे.

अक्का

---

पुणे, १९ एप्रिल २०२४

प्रिय अक्का,

डबा मिळाला, संपलासुद्धा. गट मात्र ठरल्या दिवशी बंद केला. दोन दरवाजे उघडे ठेवले की नव्या दरवाज्यानं कुणी येत नाही.

आणि नव्या दरवाज्यानं काय माणसं आली म्हणतेस! दोनशे चौदा जणांनी वाचाळवर पसंतीचे तारे लावलेत. कोचीच्या एका इंजिनिअर बाईंनी आकड्यांचं सगळं प्रकरण नव्यानं लिहिलं. आता १.५ ला तो 'दीड' म्हणतो, २.५ ला 'अडीच'. मराठीचं अक्षर येत नाही त्या बाईंना! 'कोडगरुड' असं टोपणनाव लावणारा एक जण आहे, तो तर रोज काहीतरी करतो. साइटवर रोजच्या कामाचा एकेक हिरवा चौकोन उमटतो. त्याची अख्खी शेती हिरवी आहे. गेल्या शनिवारी त्याचे चौदा बदल एका बैठकीत मंजूर केले. सगळ्यांवर तिघातिघांचे अंगठे होते, मग मी कशाला अडवू?

एकच गोष्ट टोचते. आपल्या चाळिसांतला एकही तिथं नाही. ज्ञानू नाही, तात्याबा नाहीत. आयतं मिळत राहिलं की माणसाला त्याचं काही वाटेनासं होतं, असं आता मला वाटू लागलंय. तुझ्याबद्दल नाही म्हणत. पण अक्का, तुझंही नाव नाही.

महेश्वर

---

सोलापूर, २२ एप्रिल २०२४

चि. महेश्वर,

अभिनंदन. दीड आणि अडीच छान झालं. ऊन फार आहे. आई बरी आहे.

हेमावती

---

सोलापूर, २ जुलै २०२४

महेश्वर,

दोन महिन्यांत पत्र नाही लिहिलं, तूही नाही लिहिलंस. आज कामाचं लिहिते.

मुलींच्या वसतिगृहात मी रविवारी कॉम्प्युटर शिकवते हे तुला ठाऊक आहे. दहावीच्या सात जणी वाचाळवर धडे ऐकून अभ्यास करतात. वसतिगृह सुट्टीनंतर उघडलं आणि परवा त्यांच्या मशीनवर आपोआप नवा वाचाळ उतरला. धड्यात वाक्य होतं, 'चार गायींना चारा घातला.' वाचाळनं 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च एकच करून टाकला. पुढं 'या जगात जगायचं कसं', तिथं दोन्ही ज एकसारखे. आधी पोरी हसल्या. मग अक्षता म्हणाली, "मॅडम, वाचाळ परगावी जाऊन आला का? आपल्यासारखा बोलत न्हाय."

तिसऱ्या धड्याला हसणं थांबलं. ओळखीच्या शब्दाला अडखळून पुन्हा मागं जावं लागत होतं. अक्षतानं यंत्र बंद केलं आणि म्हणाली, "मी कुणाकडनं तरी वाचून घेते." रोज स्वतः वाचणारी पोरगी आहे ती.

मराठीत च दोन आहेत, ज दोन आहेत. आठ वर्षांपूर्वी आपण त्याचे तक्ते केले होते, शब्दन् शब्द. ते कुठे गेले?

हेमावती

---

पुणे, ३ जुलै २०२४

प्रिय अक्का,

घाईत आहे. हे साइटवर नोंदव ना, म्हणजे नंबर पडेल. ईमेलवर आलेल्या तक्रारी मी आता घेत नाही, नियम सगळ्यांना सारखा. फॉर्म आहे, तो इंग्रजीत भरायचा: काय अपेक्षित होतं, काय झालं, कसं घडवून बघायचं. मग कुणीतरी उचलेल.

महेश्वर

---

सोलापूर, ५ जुलै २०२४

महेश्वर,

आज सुट्टी काढून लिहितेय. नीट ऐक.

तुझ्या नव्या घराच्या दारात एक कोडं आहे. खातं उघडायचं तर आधी आपण माणूस आहोत हे सिद्ध करायचं. नऊ चित्रं दाखवतात आणि म्हणतात, यातले सिग्नल ओळखा. तुझी अक्का सिग्नल कसे ओळखणार? बाजूला आवाजाचं कोडं आहे. तीन आवाज ऐका, त्यातली मधमाशी कोणती ते सांगा. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग चालतात रे. मला तिन्ही मधमाश्याच ऐकू येतात. एकोणीस वेळा केलं. विसाव्या वेळी उत्तर आलं, 'संशयास्पद हालचाल, चोवीस तासांनी या.' दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. मग नाही गेले.

ज्ञानूनं दुकानातल्या गिऱ्हाइकाकडून चित्रं निवडून घेतली आणि आत शिरला. पहिली तक्रार मराठीत लिहिली. 'फॉर्म अपूर्ण' म्हणून यंत्रानंच ती बंद केली. वैजयंतीबाई मुलीला शेजारी बसवून आत गेल्या. च आणि ज एक झाल्याचं त्यांनी मे महिन्यातच लिहिलं होतं. कोडगरुडनं उत्तर दिलं, 'एकाच अक्षराचे दोन तक्ते होते, नको असलेला काढला, आता कोड अर्धा झाला.' खाली हसरा चेहरा. बाईंनी मुलीला विचारलं, या बदलाला मंजुरी कुणाची? मुलीनं वाचलं: महेश्वर. शनिवारच्या त्या चौदांतला एक होता तो.

आपण घरी कन्नड बोलतो. मराठीतला दुसरा च तू नि मी शाळेत जाऊन शिकलो, मार खाऊन. म्हणून मला तो जास्त जपावासा वाटतो. तुलाही वाटेल असं धरून चालले होते.

मी तुला आधी का नाही सांगितलं? तू इतका खुशीत होतास. आणि खरं सांगायचं तर, आठ वर्षांत पहिल्यांदाच वाचाळपर्यंत पोचायला मला कुणाचा तरी हात धरावा लागणार होता. दुसऱ्या कशासाठीही धरला असता रे. याच्यासाठी नको वाटलं.

आता 'आयतं मिळालं'बद्दल. गट बंद झाला त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी अकराला आम्ही सात जणांनी फोनवर एकत्र जोडून घेतलं. आता चौतीस जण असतात. एकेक जण चूक सांगतो, बाकीचे आपापल्या मशीनवर ऐकून बघतात, वैजयंतीबाई ब्रेलमध्ये उतरवून घेतात. पाच महिन्यांत एकशे त्रेसष्ट चुका झाल्या. पाठवायच्या कुठं, ते मात्र कुणाला माहीत नाही. ज्ञानू दुकानात जुना वाचाळ मेमरी कार्डवर भरून देतो. म्हणतो, "ह्योच घ्या. नवा लई शाना झालाय."

आम्ही कुठं गेलो नाही, महेश्वर. दार बदललं.

हेमावती

---

पुणे, १४ जुलै २०२४

अक्का,

नऊ दिवस उत्तर दिलं नाही. पहिले दोन दिवस तर तुझ्यावर चिडण्यासाठी कारण शोधत होतो. सापडलं नाही.

मग पडदा बंद केला, कानाला हेडफोन लावला आणि स्वतःच्याच साइटवर नवं खातं उघडायला बसलो. एक तास दहा मिनिटं. मधमाशी मलाही सापडली नाही, आणि माझ्या मागच्या गल्लीत तर मागही नाहीत. साइटवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' तेही यंत्रानंच लिहिलेलं असणार.

आज रविवार. तुमच्या लाइनचा नंबर तात्याबांकडून घेतला आणि अकराला गुपचूप जोडून बसलो. तू बोलत होतीस. मध्येच ज्ञानू म्हणाला, "थांबा जरा. कोन हाय त्ये? नवा श्वास ऐकू येतोय."

मी म्हणालो, "महेश्वर. पुण्याहून."

तू तुझं वाक्य अर्धंच सोडलंस. मला वाटलं, आता फोन ठेवावा. तेवढ्यात वैजयंतीबाई म्हणाल्या, "या. आपण एकशे चौसष्टाव्या चुकीवर आहोत. वही घ्या."

दोन तास लिहून घेतलं. एवढं काम मला गेल्या वर्षभरात कुणी दिलं नव्हतं. 'आयतं' हा शब्द मी मागे घेतो, अक्का. फोनवर सगळ्यांसमोर घ्यायला हवा होता. पुढच्या रविवारी घेईन.

च-जचे तक्ते कालच परत बसवलेत. वसतिगृहात आज-उद्या उतरतील. अक्षताला सांग. पुढचं असं ठरवलंय: जुना ईमेलचा पत्ता पुन्हा सुरू. तिथं मराठीत, कशाही भाषेत लिहा. माझा एक छोटा प्रोग्रॅम ते आपोआप साइटवर टाकेल आणि नंबर पाडेल. उच्चाराचा कुठलाही बदल रविवारच्या लाइननं ऐकल्याशिवाय मी घेणार नाही. कोचीच्या बाई लगेच हो म्हणाल्या. त्यांनाही ही लाइन ऐकायची आहे, भाषा कळत नसली तरी. कोडगरुडनं मात्र अकरा ओळी लिहिल्या: सात दिवस थांबून काम होत नसतं, मी चाललो. गेला. वाईट वाटलं. त्याच्या चौदांतले बारा बदल चांगले होते.

महेश

---

सोलापूर, १८ जुलै २०२४

तम्मा,

तक्ते परत आले. अक्षतानं रात्रीचं जेवण होईपर्यंत दोन धडे संपवले, आणि वाचाळला म्हणाली, "आलास का घरी?"

रविवारी तू लाइनवर होतास तेव्हा मी मुद्दामच गप्प राहिले. पहिला शब्द कुणी बोलायचा ते त्यांनी ठरवावं असं वाटलं. ते त्यांचं नुकसान होतं, माझ्या एकटीचं नाही.

पण तुझं ठरलेलं मला अर्धंच पटलं. तुम्ही ऐकून घेणार, आम्ही सांगणार. आणि 'मंजूर' कुणाच्या हाताखाली? तुझ्याच. बँकेत मी तक्रारींच्या खिडकीत बसते. लोक सांगतात, मी ऐकते, नीट लिहून वर पाठवते. वर काय होतं ते मला विचारू नकोस. वाचाळमध्येही मला तीच खिडकी देणार असशील तर नको.

हवं तर आत घे. कोड मला लिहिता येत नाही, पण ऐकून हो की नाही म्हणता येतं. तेवढ्यासाठी ते बटण माझ्याही हाताशी पाहिजे. आणि नाही म्हटलं तर ते तुलाही लागू.

अक्का

---

पुणे, २० ऑगस्ट २०२४

प्रिय अक्का,

महिनाभर गप्प होतो, कारण मध्ये एक गंमत झाली. तेव्हा गंमत वाटली नव्हती.

ईमेलवरून तुमची पत्रं साइटवर टाकणारा माझा प्रोग्रॅम एकाच खात्यातून चालत होता. एकाच खात्यातून चाळीस माणसं चाळीस तऱ्हेनं बोलतात, हे साइटच्या पहारेकऱ्याला पटलं नाही. त्यानं ते खातं बंद केलं, सोबत माझंही. पाच दिवस मी वाचाळच्या घराबाहेर उभा होतो. दाराशी तेच कोडं: तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. तुझी फार आठवण आली.

सुटका झाल्यावर कोचीच्या बाई फोनवर म्हणाल्या, "घर आपलं असावं, त्यांच्याकडे खिडकी ठेवावी." तसंच केलं. एक लहानसा सर्व्हर घेतला. वाचाळचा खरा कोड आता तिथं राहतो. त्याची नक्कल रोज मोठ्या साइटवर जाते, कारण नवी माणसं आपल्याला तिथंच भेटतात. कोचीच्या बाई तिथंच भेटल्या ना. पण मंजुरी सगळी घरात. आत यायला नाव आणि परवलीचा शब्द, बस. चित्र नाही, मधमाशी नाही. सगळं साध्या अक्षरांत, वाचाळ स्वतः वाचून दाखवेल असं.

तारे साइटवरच राहिले. अधूनमधून जाऊन बघतो. सवय लागलीय, जाईल हळूहळू.

मंजुरीच्या चाव्या तीन: एक माझी, एक कोचीची, एक तुझी. 'मंजूर' लिहिलंस की आत, 'परत' लिहिलंस की बाहेर. तुझ्या एका 'परत'वर आम्हा दोघांनाही काही करता येणार नाही. तसं बांधूनच ठेवलंय.

आता खुशखबर. पंधरा दिवस खपून मी एक नवी गोष्ट केलीय. वाचाळ इतकी वर्षं सगळं एकाच सुरात वाचत आला. आता उद्गारचिन्ह दिसलं की तो आवाज चढवतो, उत्साहात बोलतो! रविवारी सगळ्यांना ऐकव. तुझी पहिली मंजुरी माझ्या बदलाला मिळावी अशी फार इच्छा आहे.

महेश

---

सोलापूर, १ सप्टेंबर २०२४

प्रिय तम्मा,

आज सकाळी अकराला छत्तीस जण होते. कोचीच्या बाईही होत्या. आमचं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण लोक कुठं हसतात त्याची नोंद ठेवत होत्या. तू पंढरपूरला लग्नाला गेलास ते एका अर्थी बरंच झालं.

तुझा बदल सगळ्यांनी आठवडाभर वापरला. आधी तात्याबांचं ऐक. ते वेळापूरहून एसटीनं निघाले होते, गाडी भरलेली. फोनवर नातवाच्या वाढदिवसाचा निरोप आला. आपली माणसं शुभेच्छांपुढं एक उद्गारचिन्ह देऊन थांबत नाहीत रे, पाच-सहा देतात. वाचाळनं पाचही वाचली. तात्याबा म्हणाले, "कंडक्टरनं गाडी थांबवली. त्येला वाटलं कुनी पडलं."

ज्ञानूच्या दुकानात वाचाळ ओरडला, 'आपला रिचार्ज यशस्वी झाला आहे!' बाहेरची चार माणसं काय झालं म्हणून आत आली. वैजयंतीबाईंच्या शाळेत नोटीस वाचली, 'शांतता राखा!' ती त्यानं ज्या आवाजात वाचली, त्यानंतर वर्गात शांतता राहिली नाही.

पण एक वेगळंही झालं. अक्षताच्या मैत्रिणीचं पत्र आलं होतं, 'अगं मी पास झाले!' ते वाचाळनं वाचलं तेव्हा अक्षता म्हणाली, पहिल्यांदा कुणीतरी पत्रातून आनंदानं बोललं. तेही मी लाइनवर सांगितलं. दोन्ही बाजू ठेवायच्या असतात.

मग एकेकाचं मत घेतलं. तेहतीस नको म्हणाले, तिघे हो.

दुपारी सर्व्हरवर गेले. नाव टाकलं, परवलीचा शब्द टाकला, आत गेले. वाचाळनं तुझा बदल ओळ न् ओळ वाचून दाखवला. खाली जागा होती. वाचाळला त्या ओळी पुन्हा एकदा वाचायला लावल्या. आई शेजारी तूर निवडत होती. म्हणाली, काय झालं गं? म्हटलं, काही नाही, महेशचं एक काम आहे.

'परत' लिहिलं आणि एंटर दाबलं.

कारण खाली लिहिलंय: लोक जिथं पाच चिन्हं देतात तिथं आवाज किती चढवायचा ते ठरवून आण, आणि हवं त्यालाच तो चालू करता येईल असं कर. रागावू नकोस. रागावलास तर पुढच्या रविवारी अकराला लाइनवर ये आणि सगळ्यांशी भांड. तिघे तुझ्या बाजूनं आहेत.

त्यातली एक मी.

अक्का